काचेची चिलीम: नवशिक्यांसाठी, आवृत्ती पहिली

ब्रॅम्बल कोर्ट, युजीन, ऑरेगन
शुक्रवार, १७ मे

माननीय मेहुणे श्री. मेरिल ओस्टरहाउट यांस,
ऑल्डन प्रूइट याचा सादर नमस्कार.

आपला नवा बसवलेला खुबा आता कुरकुर करीत नसेल, कानातले यंत्र आपण डबीत न ठेवता कानातच ठेवत असाल आणि आयडाहोच्या वाऱ्याने यंदा तरी आपल्या वाटाण्याचे मांडव आडवे केले नसतील, अशी आशा करतो. माझे ठीक आहे. (‘ठीक’ हा शब्द मी विचारपूर्वक योजला आहे. रक्तदाब, साखर आणि दात या तिन्ही बाबतींत त्याहून चांगला शब्द वापरणे असत्य ठरेल.) माझी पत्नी आणि आपली बहीण ऑपल गेल्यापासूनच्या चार वर्षांत आपला पत्रव्यवहार नाताळच्या छापील कार्डांपुरता उरला आहे. त्यामुळे भर मे महिन्यात एवढा जाड लिफाफा पाहून ‘ऑल्डन गेला की काय’ अशी शंका आपल्या मनात येईल. गेलेला मनुष्य लिफाफ्यावर स्वतःच्या हस्ताक्षरात पत्ता घालीत नाही, हे ध्यानी घेऊन आपण निश्चिंतपणे खुर्चीत बसावे. उभ्याने वाचू नये. आपण चर्चमधील मानाचे सेवक आहात, आणि आपल्या राज्यात ज्या वनस्पतीचे नाव घेतले तरी शेरीफ मान वर करतो, तिच्याविषयी मला लिहायचे आहे. आमच्याकडे ती दुकानात, पावतीसह मिळते. तिला आपण सरळ गांजा म्हणू. आडवळणाचे शब्द मला शाळेतही चालत नसत.

आमच्या ब्रॅम्बल कोर्टात निवृत्तांची चौसष्ट घरे आहेत, हे आपणास ठाऊकच आहे. तेथील कपडे धुण्याच्या खोलीत एक सूचनाफलक आहे, आणि त्यावरील सूचना गेली नऊ वर्षे मी लाल पेन्सिलीने सुधारीत आलो आहे. (कोणी सांगितले म्हणून नव्हे. कोणी सांगण्याची वाट पाहिली असती, तर ‘मोजे हरवलेले मिळाले आहेत कोणाचे’ हे वाक्य आजही तेथे लटकत राहिले असते.) या सेवेबद्दल मला कृतज्ञता लाभली असे म्हणता येणार नाही. चार वर्षांत माझे दार वाजले ते केवळ चुकीच्या घरी टाकलेले टपाल परत देण्यासाठी. त्यामुळे गेल्या मंगळवारच्या आदल्या मंगळवारी सकाळी लव्हॉन टिबेट्स दारात उभी राहिली, तेव्हा मी हात टपालासाठीच पुढे केला. लव्हॉन म्हणजे समोरच्या घरातील निवृत्त परिचारिका. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज वॉर्डभर पोहोचणारा.

“टपाल नाही आणलं, ऑल्डन. काम आणलंय,” ती म्हणाली. “ती लाल पेन्सिल जरा लोकांच्या कामी येऊ द्या. काचेच्या चिलमीतून गांजा कसा ओढायचा, यावर नवशिक्यांसाठी एक पत्रक हवंय. स्वच्छ, मुद्देसूद. गुरुवारी जेवण झाल्यावर माझ्या अंगणात वाचायचं.”

मी आयुष्यात गांजा ओढलेला नाही, हे तिला सांगितले. ज्या गोष्टीचा अनुभव नाही तिच्याविषयी लोकांना आज्ञार्थी वाक्ये लिहून देणे मी अनैतिक समजतो, हेही सांगितले.

“मग घ्या की अनुभव! नऊ दिवस आहेत. जमत नसेल तर राहू द्या, ड्वेन लिहितो म्हणालाय.”

मेरिल, ड्वेन केटलसन हा माझा शेजारी. त्याने चाळीस वर्षे लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक हाकला. मनाने उत्तम मनुष्य, परंतु तो प्रत्येक वाक्यापुढे तीन उद्गारचिन्हे ठोकतो. चार वर्षांत प्रथमच कोणाला माझ्या हातचे काही हवे होते, आणि ते ड्वेनच्या हाती जाऊ देणे मला शक्य नव्हते. मी होकार दिला. माझा होकार केवळ पत्रकासाठी होता, हे आपण येथे नोंदवून ठेवावे.

बुधवारी सकाळी दहा वाजता मी कोट आणि टाय घालून दुकानात गेलो. दारातच जुनिपर नावाच्या मुलीने माझे ओळखपत्र मागितले, कारण एकवीस वर्षांखालील व्यक्तीस आत सोडत नाहीत. मी एकोणऐंशी वर्षांचा आहे. तिने माझ्या जन्मसालाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, मग पुन्हा जन्मसालाकडे. नियम सर्वांस सारखा लागू केल्याबद्दल मी तिचे अभिनंदन केले. आत फळ्यांवर काचेच्या चिलमी मांडलेल्या होत्या. एक ऑक्टोपसच्या आकाराची, एक चहाच्या किटलीची, एकीवर तर बेडकाचे संपूर्ण कुटुंब बसलेले. मी विशेषणे नसलेली चिलीम मागितली.

“म्हणजे साधी?” तिने विचारले.

“म्हणजे साधी,” मी म्हणालो.

तिने निळ्या काचेचा एक वीतभर नग काढून दिला. एका टोकाला मोहरीची फोडणी मावेल एवढी वाटी, दुसऱ्या टोकाला तोंड, आणि वाटीच्या डाव्या अंगाला एक लहान भोक. भोक पाहून मी नग सदोष असल्याचे निदर्शनास आणले. “ते मुद्दाम ठेवलेलं असतं हो, राजे,” ती म्हणाली. “ओढताना अंगठ्याने झाकायचं, शेवटी अंगठा उचलायचा. मग आतला सगळा धूर एकदम येतो.” मला ‘राजे’ म्हणणारी व्यक्ती यापूर्वी भेटलेली नव्हती. त्या गोंधळात मी गांजाचा जो सौम्यतम प्रकार घेतला, त्याचे नाव ‘जांभळा पाद्री’ होते. आपल्या भावना दुखावण्याचा हेतू नाही. नाव पाकिटावर छापलेलेच असते.

आता एक कबुली द्यावी लागते. गांजाची फुले ओढण्यापूर्वी चुरावी लागतात. त्यासाठी लहान दातेरी डबी मिळते, आणि जुनिपर ती पुढे करीत असताना मी ‘घरी आहे’ असे सांगून मोकळा झालो होतो. घरी होती ती जायफळाची किसणी. होय, तीच. आपल्या मातोश्रींची. (ती तीनदा धुतली आहे. तरीही येत्या नाताळात कस्टर्डला काही वेगळाच वास आला, तर कारण आपणास माहीत असेल.) किसणीने फुलांचे पीठ केले, आणि ते मी वाटीत अंगठ्याने ठासून भरले, कारण चाळीस वर्षे मी मुलांना काठोकाठ लिहायला शिकवले आहे. पहिला झुरका आलाच नाही. हवा जायला वाटच नव्हती. दुसऱ्या वेळी मी थोडे मोकळे केले, तेव्हा पीठ धुरासह नव्हे तर धुराऐवजी तोंडात आले. तिसऱ्या वेळी लायटरची ज्योत वाटीऐवजी माझ्या डाव्या भुवईकडे वळली. (भुवई परत येत आहे.) चौथ्या वेळी सर्व जुळले, आणि अंगठा उचलायचा तो मी उचलला, आणि आत इतका वेळ साठलेला सर्व धूर, मेरिल, एखाद्या वर्गाने सुटीच्या घंटेनंतर दाराबाहेर धावावे तसा माझ्या छातीत धावून आला.

मी खोकलो. हे क्रियापद अपुरे आहे. मी इतका खोकलो की भिंतीवरील आपल्या लग्नप्रसंगाचा फोटो तिरका झाला, आणि पलीकडून ड्वेन रक्तदाबाचे यंत्र काखेत मारून आत धावला.

“मास्तर! छाती धरू नका, कुठं दुखतंय ते सांगा!” मग त्याची नजर चिलमीवर गेली, आणि तो माझ्या आरामखुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. “अहो, मिल्कशेक आहे का तो, असा ओढायला? पीठ फेका ते. बोटांनी कुस्करा, सैल भरा. ज्योत नुसती कडेला दाखवायची. लहान झुरका, मग गप्प बसायचं दहा मिनिटं. घाई करतो तो पस्तावतो... तुम्हाला गप्प बसता येतं ना?”

त्याने शिकवलेले मी टिपून घेतले. प्रतिस्पर्ध्याची मदत घेणे मला रुचले नाही, परंतु त्याचे ज्ञान अचूक होते आणि उद्गारचिन्हे बोलण्यात दिसत नाहीत. ज्योत कडेला का दाखवायची, हेही त्याच्याकडूनच कळले. मंडळीत चिलीम फिरते, तेव्हा प्रत्येकाने वाटीची केवळ एक कड पेटवायची, म्हणजे पुढच्यासाठी हिरवे शिल्लक राहते. वाटीत राखच उरली असेल, तर तसे मोठ्याने सांगायचे. न सांगता राख पुढे सरकवणाऱ्याचे नाव युजीनमध्ये वर्षानुवर्षे काढतात. चिलीम हातात धरून भाषण करणे हा त्याहून मोठा गुन्हा. इतकी उत्तम शिस्त मला शिक्षकांच्या खोलीत कधी आढळली नाही. मी पत्रकाची नऊ कलमे लिहिली, सात वेळा सुधारली, आणि गुरुवारी दुपारी एक वाजता, म्हणजे काल, लव्हॉनच्या अंगणात हजर झालो.

तेथे लव्हॉन, ड्वेन आणि पाचव्या घरातील आयोन स्टाफर्ड अशी मंडळी होती. मध्ये टेबलावर लव्हॉनने केलेला स्ट्रॉबेरीचा केक, वर साईचा डोंगर. मी उभा राहून वाचू लागलो. कलम सातपर्यंत सर्व सुरळीत चालले. कलम सातमध्ये ‘चिलीम हातात धरून बोलत राहू नये’ असे आहे, आणि ते मी चिलीम हातात धरून सुमारे सहा मिनिटे समजावून सांगितले. आयोन शांतपणे म्हणाली, “मास्तर, सातवं कलम तुम्ही लिहिलंय की आम्ही तुमच्यावर लिहावं?” मी ओशाळलो, आणि तत्काळ प्रात्यक्षिक सुरू केले. ज्योत लावली. चिलीम ओठांशी नेली. परंतु वाक्य अजून पुरे झाले नव्हते. वाक्य अर्धवट सोडणे मला आयुष्यात जमलेले नाही, आणि त्याचा शेवटचा शब्द, सर्व श्वासासह, मी चिलमीत उच्चारला. चिलीम ओढण्याची वस्तू आहे. तिच्यात फुंकले असता वाटीतील ऐवज पेटलेल्या स्थितीत वर जातो. तो वर गेला. मंडळींनी माना वर करून त्याचा प्रवास पाहिला. मग तो साईच्या डोंगरावर उतरला आणि ‘फुस्स’ असा आवाज झाला.

“कलम दहा,” ड्वेन म्हणाला. “फुंकू नये.”

माझे काम हातचे गेले, असे मला त्या क्षणी निश्चित वाटले. लव्हॉनने चमच्याने तेवढीच साय उचलून बाजूला केली, चिलीम बोटांनी सैल भरली आणि माझ्या हाती दिली. “आता तोंड मिटून.” मी एक लहान झुरका घेतला. मग दहा मिनिटे गप्प बसलो. (ड्वेनने घड्याळ लावले होते.) अकराव्या मिनिटाला माझी दृष्टी कुंपणाजवळच्या पाण्याच्या नळीकडे गेली. ती गुंडाळून ठेवलेली होती. वेटोळ्यावर वेटोळे, नीट, कोणाचीही तक्रार न करता. मी हसू लागलो. लव्हॉनने विचारले, “काय झालं?” मी म्हणालो, “ती नळी पाहा. किती शहाणी आहे!” हे वाक्य लिहिताना त्यात विनोद कोठे आहे ते मला सापडत नाही, तथापि काल चारही जणांना तो सापडला होता. आयोनचा चष्मा केकमध्ये पडला. ड्वेन “शहाणी! शहाणी!” म्हणत गुडघ्यावर थापा मारू लागला, आणि तो गुडघा त्याचा नसून माझा होता. त्यानंतर मी केकचे चार तुकडे खाल्ले. आमच्या ऑपलला मी कधी दुसरा तुकडा मागितला नव्हता, याची आठवण होऊन मला पाचवा मागावासा वाटला, म्हणून तोही खाल्ला.

पत्रक एकमताने मंजूर झाले. ड्वेनने हात वर करून मत दिले, हे मी उदारपणाचे लक्षण मानतो. कार्य तडीस गेले असून या वनस्पतीशी असलेला माझा संबंध येथे संपला आहे. आपण माझ्याविषयी चिंता बाळगू नये, आणि हे पत्र पाद्रीबुवांच्या नजरेस पडू देऊ नये.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
ऑल्डन प्रूइट

ता. क. संबंध संपला आहे असे वर लिहिले, त्यात ‘पुढील गुरुवारपर्यंत’ हे शब्द राहून गेले.

दुसरा ता. क. एक गोष्ट मी पत्राच्या अंगात लिहू शकलो नाही. आज सकाळी मी चौसष्ट प्रतींचा कागद घेऊन लव्हॉनकडे गेलो. घरटी एक, असा माझा हिशेब. ती म्हणाली, “एक प्रत पुरे.” मी कारण विचारले. कारण असे की, एकोणीसशे एकोणसत्तर साली ती शाळेच्या जुन्या बसमध्ये राहत असे आणि गांजा परसात लावीत असे. आयोन तिच्या शेजारच्या बसमध्ये. ड्वेन ट्रक उभा करून त्यांच्याकडे जेवायला येई. ब्रॅम्बल कोर्टातील चौसष्ट घरांत नवशिका मनुष्य एकच आहे, आणि पत्रक त्याच्याकडूनच लिहवून घेतले. मी दुखावलो, सुमारे चार मिनिटे. “नुसतं ‘गुरुवारी या’ म्हटलं असतं, तर आला असतात?” ती म्हणाली. “दोनदा चिठ्ठी टाकली होती. दोन्ही वेळा तुम्ही ती सुधारून परत पाठवलीत.” मी घरी येऊन आठवून पाहिले. पाठवली होती. स्वल्पविराम खरोखरच चुकला होता.

तिसरा ता. क. ज्या पत्रकाचा लेखक आणि वाचक एकच, त्याला प्रकाशन म्हणता येत नाही. सबब, आपणास विनंती अशी की बॉइसीहून सुटणारी बस धरून पुढील गुरुवारपूर्वी येथे यावे. आपल्याइतका निर्विवाद नवशिका माझ्या परिचयात दुसरा नाही. ओढण्याची सक्ती नाही. लव्हॉन केक करणार आहे, आणि मधल्या खोलीतील पलंगावर मी आजच स्वच्छ चादर घातली आहे. जाताना येथून काही बरोबर नेता येणार नाही, हे कलम नऊमध्ये स्पष्ट केलेले आहे. ऑपलविषयी बोलायला मला चार वर्षांत कोणी सापडले नाही, आणि तिला आपल्याइतके जुने ओळखणारे आता कोणी उरलेले नाही.

दुसरी प्रत काढली आहे. तिच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत आपले नाव घातले आहे. ओस्टरहाउट हे आडनाव मी घाईत चुकीचे लिहिले आहे, आणि लाल पेन्सिल टेबलावर आपल्यासाठी ठेवली आहे.