ऑईल कूलरचा पंखा

आप्पा, तुमच्या जीपला मी पंखा लावला. रेडिएटरचा नव्हे, तो कंपनीनेच दिलेला होता. तुम्ही बंपरमागे स्वतःच्या हाताने बसवलेला जो ऑईल कूलर आहे, ज्यातून इंजिनाचं तेल फिरून गार होऊन परत जातं, त्याला लावला. विजेचा, भंगारातल्या एका छोट्या गाडीचा. तो पहिल्यांदा फिरला तेव्हा मला तुमचं तोंड बघायचं होतं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुम्ही नाही आहात याचा एवढा राग मला आधी कधी आला नव्हता.

शाळेत घालायच्या आधी तुम्ही मला गॅरेजच्या शेडमध्ये घातलंत. आकडे मी पान्यांवरून शिकले. तेल बोटावर घेऊन अंगठ्याने चोळायचं, मग ते पातळ झालंय की जळलंय ते सांगायचं, हा आपला खेळ होता. चुकले की तुम्ही माझं बोट धरून पुन्हा तेलात बुडवायचात. दहा-अकराचा पाना मला तुम्ही दिलात तो मुठीला लाल टेप गुंडाळून. मी तो दप्तरातून शाळेत न्यायची. आजही नट आवळला की मी पुन्हा तपासते, घरी निघाले की अर्ध्या वाटेतून परत येऊन तपासते. लवळ्याला कॉलेजच्या बसगाड्यांचं काम बघते तिथली माणसं हसतात. ही खोड तुमची आहे, आणि तिच्याबद्दल मी तुमचे आभार मानणार नाही.

लवासाचं काम जोरात होतं तेव्हा तुम्ही जीपमधून माणसं आणि सामान वर न्यायचात. मी शेजारी बसलेली असायची. चढावर पुढे ट्रक रखडला की गाडीचा वेग जायचा, कूलरला वारा लागायचा नाही, तेल पाण्यासारखं पातळ व्हायचं आणि डॅशबोर्डवरचा ऑईलचा लाल दिवा लुकलुकायचा. मग तुम्ही जांभळाच्या वळणावर गाडी लावायचात, बॉनेट उघडायचात आणि तंबाखू मळत बसायचात. तेव्हा मी नववीत होते. शेडमध्ये चार गिऱ्हाइकं बसलेली असताना मी म्हटलं, "आप्पा, आपण कूलरच्या मागं एक पंखा लावूया का? गाडी थांबली तरी वारा मिळंल."

तुम्ही वळूनसुद्धा बघितलं नाहीत. "आज पंखा लाव. उद्या गोधडी टाक, परवा पाळणा बांध इंजिनाला," म्हणालात. सगळे हसले. "वारा फुकाट मिळतोय गाडीला. वायर वाढली की एक दुखनं वाढलं. जा, चहा सांग."

मी चहा सांगून आले. तो अपमान मी कदाचित विसरलेही असते. खंडेनवमी विसरले नाही.

दरवर्षी त्या दिवशी आपण पाने, जॅक, हातोड्या रॉकेलने धुऊन पाटावर मांडायचो. त्या वर्षी आई झेंडूचा हार घालते आहे, मी हळदीकुंकू लावते आहे, आणि चुलत्यांच्या मुलाला तुम्ही पुढे बोलावता. पाटावरून माझा लाल टेपचा पाना उचलता आणि त्याच्या हातात देता. "आजपासून शेड तू बघायचं." मी म्हणते, "आप्पा, तो माझा हाय." तुम्ही म्हणता, "तू काय हितं ऱ्हाणार हायेस व्हय? परक्याच्या घरी जाऊन काय पानं आवळणार?" आई हाराकडे बघत राहते. मी हळदीची वाटी खाली ठेवते. त्यानंतर तुम्ही असेपर्यंत मी शेडमध्ये पाय ठेवला नाही. तुम्ही मला बोलावलंही नाहीत.

यंदा तुमच्या त्याच पुतण्याने जीप भंगारात काढली. मी मागायला गेले तर पायरीवर चार टाळकी जमवून तो म्हणाला, "तायडे, न्हेऊन काय करती? चढावर चहाच्या किटलीवानी उकळतीया ती." मी म्हटलं, न थांबता लवासाच्या कमानीपर्यंत नेली तर? तो हसला. "न्हे की. मी बसतो शेजारी, मागं वाळूच्या गोण्या टाकतो. न थांबता पोचलीस तर गाडी तुझी. थांबलीस तर तितूनच भंगारवाल्याला फोन."

मी तुमच्याच शेडमध्ये काम केलं. पंखा कूलरच्या नाजूक पत्र्यांना टेकू नये म्हणून पट्ट्यांची चौकट केली, कडेने वारा निसटू नये म्हणून पत्र्याचं कडं बसवलं. तेल तापलं की पंखा आपोआप सुरू व्हावा असा स्विच नळीत घातला, वेगळा फ्यूज दिला. पंखा फिरला, पण वारा पुढून आत ओढतोय की बाहेर फेकतोय हे हाताला नीट कळेना. भिंतीवर तुमचा फोटो होता, त्यापुढे पुतण्याने सकाळी लावलेली उदबत्ती. ती मी उपसली आणि कूलरपुढे धरली. धूर माझ्याच तोंडावर आला. वायरी उलट्या जोडल्या होत्या. बदलल्या, पुन्हा धरली, धूर सरळ आत गेला. पंख्याला तुमच्याकडून झालेली मदत एवढीच. उरलेली उदबत्ती मी परत लावली नाही.

रविवारी निघालो. टेमघरच्या पुढे चढावर फिरायला आलेल्या गाड्यांची रांग लागलेली, सगळ्यात पुढे एक बस. पहिल्या गिअरमध्ये मुंगीसारखं सरकणं. पुतण्या वाकून दिव्याकडे बघत होता. मीही बघत होते. फ्यूज, वायर, नळीचा क्लॅम्प, सगळं डोक्यात उलटसुलट फिरत होतं. बंपरमागून खर्र असा आवाज आला आणि पंखा फिरू लागला. दिवा लागला नाही. जांभळाचं वळण आलं. मी त्या वळणावर हॉर्न दाबला आणि वळण संपेपर्यंत सोडला नाही.

"आगं, कुनाला वाजवतीस? रस्ता मोकळा हाय," पुतण्या म्हणाला.

"हाय एक म्हातारा बसलेला," मी म्हटलं.

कमानीपाशी त्याने किल्ली माझ्याकडेच राहू दिली. मी म्हटलं, आणि पाना. त्याला आधी कळेना. मग त्याने आपल्या पेटीतून काढून दिला. टेप केव्हाच गेलेली, तोंड घासून रुंद झालेलं. नट धरत नाही आता. तरी घेतला. पुतण्या एका दुधाच्या टेम्पोतून खाली गेला, मी गोण्या उतरवल्या आणि एकटी परत निघाले. तुमचं शेड त्याच्याकडे, तुमची गाडी माझ्याकडे, आणि पंख्याबाबत तुमचं चुकलं होतं, हे आता वरपासून खालपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. मला हेच हवं होतं.

उतारावर जांभळाच्या वळणाशी मी गाडी लावली. काही गरज नव्हती, इंजिन गार होतं. बॉनेट उघडलं, तेल बोटावर घेतलं, चोळलं. छान होतं.

माफ केलेलं नाही मी तुम्हाला. हे पत्र पोचवायची सोय असती तरी पाठवलं नसतं, कारण तुम्ही त्यातलं बाकी सगळं सोडून एवढंच विचारलं असतंत, "वायर कुटनं न्हेलीस, दाव बरं." आणि मी लगेच बॉनेट उघडून दाखवली असती.