दाराशी बसलेली सरपंच

आई गं,

आज दुपारी ऑफिसात निकाल कळला आणि मी सवयीनं तुझा नंबर लावला. दादांनी उचलला. "काय गं सुरेखा, बरी हाईस ना लेकी?" म्हणाले. काय सांगणार होते मी त्यांना? "चुकून लागला," म्हटलं आणि ठेवून दिला. तुझा तेरावा होऊन महिनासुद्धा झाला नाही आणि मी तुला फोन करतेय! पण सांगायचं होतं ते तुलाच. म्हणून लिहायला बसले.

मला ते पद मिळालं नाही, आई. आमच्या विभागाची प्रमुख राधिका झाली. तू तिला ओळखतेस. नारायण पेठेतली, आपल्याकडे हुरड्याला आली होती आणि तुझा ठेचा खाऊन डोळ्यांत पाणी आलं तरी "काकू, अजून वाढा" म्हणत होती, ती. ती वाईट आहे का? मुळीच नाही. हुशार आहे, मला जीव लावते. तिच्यावर चिडावं असं तिनं काहीच केलेलं नाही, हाच तर माझा वैताग आहे!

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून कारण सांगितलं. "सुरेखा, तुझ्या कामाबद्दल प्रश्नच नाही. पण तू लीडर म्हणून समोर येत नाहीस. मीटिंगला कायम मागे, भिंतीला टेकून बसतेस. क्लायंटला वाटतं, ही नुसती ऐकायला आलीय." मी "हो सर" म्हणाले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत दोन शब्द मला पटकन सुचतात, ते हेच.

आमच्या मीटिंगच्या खोलीत मोठं टेबल आहे. त्याच्याभोवती खुर्च्या, आणि भिंतीलगत आणखी एक रांग. कुणी कुठे बसायचं हे कुणीही ठरवलेलं नाही. मी रुजू झाले त्या दिवशी दारातून आत आले, साहेब लोक टेबलाशी बसलेले पाहिले आणि दाराजवळची भिंतीकडची खुर्ची धरली. ती आजपर्यंत सोडली नाही. राधिका माझ्यानंतर आली. आली ती थेट साहेबांच्या शेजारी बसली, पाण्याची बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "एसी जरा कमी करू या का?" साहेबांनी केला!

तिची आई कॉलेजात प्राचार्य होती. घरी प्राध्यापक, डॉक्टर, वकील यायचे. लहानपणी तिनं एका मोठ्या पाहुण्याला "काका, तुमचं चुकतंय" म्हणून सांगितलं, तर सगळ्यांनी कौतुक केलं म्हणे. ती गंमत म्हणून सांगते ही गोष्ट. मी हसते. त्या वयात मी काय पाहत होते? तुला पाहत होते.

आठवतं ना तुला? मांजरी गावाच्या पलीकडचं आपलं गाव, चहूकडे ऊस, आणि सरपंचपद पहिल्यांदाच बायकांसाठी राखीव झालेलं. गावात चर्चा झाली ती कुणाच्या घरातली बाई एवढीच. बाई कोण, हे नंतर ठरलं. बोलायची धमक म्हणशील तर ती कलाबाईत होती. आपल्याच रानात खुरपायला यायची आणि हापशावरच्या भांडणात अख्ख्या आळीला गप्प करायची. पण तिला ना ऊस होता ना भावकी. तिचं नाव कुणाच्या तोंडीसुद्धा आलं नाही. आपल्या घरातली म्हणून तू सरपंच झालीस, आई. आणि आपल्या घरातली सून म्हणूनच दाराशी बसलीस.

थोरल्या दिरासमोर सुनेनं खुर्चीवर बसायचं नाही, ही आपल्या घरातली रीत. आणि अण्णा, तुझे थोरले दीर, पंचायतीत सदस्य! मग सरपंचानं बसायचं कुठं? तू डोक्यावरून पदर घेऊन दारापाशी सतरंजीवर बसायचीस आणि मी तुझ्याशेजारी गृहपाठ करत. सरपंचाची ती हातांची, पाठीला टॉवेल टाकलेली खुर्ची सुरुवातीला रिकामी असायची. पुढे रिकामी खुर्ची बरी दिसत नाही म्हणून अण्णाच तीत बसायला लागले. सही लागली की शिपाई कागद घेऊन दाराशी यायचा.

एकदाच तू तिथून बोललीस. "पोरींना फाट्यापतुर चालत जावं लागतं. स्वारगेटची बस गावात आणा की." अण्णा तुझ्याकडे न बघताच म्हणाले, "बघू." पुढचा विषय निघाला. बस आली नाही का? आली की! ऊस मोडून इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा फ्लॅट विकायला आली. तोवर मी चालत चालत इंजिनिअर झाले होते.

आणि ती दुपार, आई. मीटिंगच्या आधी तू पंचायतीची खोली झाडायला गेली होतीस. सरपंचबाई स्वतः झाडू मारत होत्या, याचं तेव्हा मलाही काही वाटलं नाही. खोलीत आपण दोघीच. तू पदरानं ती खुर्ची पुसत होतीस, हात पुसले, पाठ पुसली, पुन्हा हात पुसले. मी म्हटलं, "आई, बस ना. कुणी नाहीये."

"नको गं."

"का? तुझीच आहे ना?"

तू दाराकडे बघितलंस आणि हळूच म्हणालीस, "बसाया काय लागतंय, सुरे? पर कुणी येऊन उठीवलं, तर ते न्हाई सोसायचं मला."

केवढं खरं बोललीस! आणि मला कशाला सांगितलंस ते? रागावू नकोस, पण आज मी तुझ्यावर रागावलेच आहे. एकदा तरी म्हणायचं होतंस, की पोरी, ही माझी जागा आहे, तुझी नाही. मी सून नव्हते गं, लेक होते. मला कुणी सतरंजीवर बसवलं नव्हतं. तुझ्या मांडीला मांडी लावून बसता बसता ती जागा मला आपोआप लागली. तू मला इंग्रजी पुस्तकं आणून दिलीस, हॉस्टेलला पाठवलंस, गाव काय म्हणेल याला भीक घातली नाहीस. सगळं दिलंस, आणि बसायचं कुठं तेवढं सांगायचं राहिलं.

मी तरी कुणाला नावं ठेवू? कलाबाईची मंगल आमच्याच कंपनीच्या पँट्रीत आहे. राधिका टेबलाशी, मी भिंतीशी, आणि मंगल चहाचा ट्रे घेऊन उभी. मागे एकदा मला कप देताना ती कानाशी म्हणाली, "ताई, तुमी कडंला का बसता? म्होरं जागा हाय की." मी म्हटलं, "इथंच बरं आहे गं." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी मान खाली घालून चहा प्यायले. तिला तर भिंतीकडची खुर्चीही कुणी देऊ केलेली नाही.

तुला एक सांगायचं राहिलंय. तेराव्याला संध्याकाळी गावानं तुझी शोकसभा घेतली. पंचायतीच्या ऑफिसासमोर मांडव घातला. फोटो ठेवायला काहीतरी हवं म्हणून शिपायानं आतून ती खुर्ची आणली. तीच, हातांची. नवा पांढरा टॉवेल टाकला, तुझा फोटो ठेवला, हार घातला. अण्णा आता काठी टेकत चालतात. ते पुढे झाले, तुझ्यासमोर उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "बाई शांत होती. कधी वर मान करून बोलली न्हाई." हे कौतुक होतं, आई! सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी तुझ्याकडे बघत होते. तू खुर्चीवर होतीस आणि अण्णा उभे होते. आता तुला कुणीही उठवणार नव्हतं. एवढ्यासाठी तुला मरावं लागलं, असं माझ्या मनात आलं आणि मला रडू आवरेना. बायका म्हणाल्या, लेकीचा जीव तुटतोय. तुटतच होता. आणि मी कुठे बसले होते, माहीत आहे? मांडवाच्या कडेला, सतरंजीवर. पुढे खुर्च्या रिकाम्या होत्या.

पद गेलं. ते परत चालून येईल असं मला वाटत नाही. राधिकाचं वय माझ्याएवढंच आहे आणि ती कुठे जायची नाही. सोमवारी प्रमुख म्हणून तिची पहिली मीटिंग आहे. मला त्या खोलीत पाऊल टाकायचीसुद्धा इच्छा नाही. पण तुला शब्द देते. मी लवकर जाईन आणि टेबलाशी बसेन. "सुरेखा, ती जागा क्लायंटची आहे" असं कुणीतरी म्हणेलही. म्हणू दे. उठवलं तर उठेन, आई. पण बसून उठेन.

तुझी,
सुरे