चैत्रासाठी राखलेलं पाणी

प्रिय रणधीर,

फोन हाताशी असताना अक्का पत्र कसलं लिहितेय, असं म्हणशील. पण फोनवर तू मला बोलू देतोस कुठं? परवा "कायमचा गावी येतो, मळ्यात डाळिंब लावतो" एवढं सांगून फोन ठेवूनही दिलास! मी ईट गावच्या आठवडी बाजारात भेटेल त्याला सांगत सुटले. त्या आनंदात भाकरी करपल्या, तरी तुझे दाजी मुकाट जेवले. अण्णांनी मला गावातच दिली तेव्हा तू लई हसला होतास, अक्काची वरात चावडीपर्यंतच म्हणून. आणि लांब गेलास तो तूच. पुण्याला जाऊन वीस वर्षं झाली तुला.

काल उगाच मळ्यातल्या विहिरीवर जाऊन बसले. अण्णा आपल्या दोघांच्या कमरेला रिकामा डबा बांधून पाण्यात ढकलून द्यायचे, आठवतं? किंचाळायचास तू, आणि वर आलास की घरी सांगायचास, अक्का घाबरली! वैशाखातही त्या विहिरीचा तळ आपण कधी पाहिला नाही. दुष्काळात अख्ख्या गावाच्या घागरी तिथं यायच्या, मग आपलं पोहणं बंद. तू रुसून चिंचेखाली बसायचास आणि बायका तुला गूळ-शेंगदाणे देऊन समजवायच्या. किती सुखाचे दिवस होते रे ते.

आता गावाचं ऐक. गेल्या साली आम्ही पाण्याचा ताळेबंद मांडला. पाऊस किती झाला, विहिरी-बोअरमधून उपसा किती, उरतं किती, ते बघून रब्बीत काय पेरायचं ते ठरवायचं. गोरोबा भाऊजींची समृद्धी शेतकी शिकून आलीय, ती घरोघर विचारत फिरली. पण बोअर सांगितलं तर सरकार बंद करील, या भीतीनं कुणी खरं सांगेना. चार बोअरवाला दोन सांगायचा, दोनवाला एक. कडूबाईनं तर बोअरवर कडब्याची गंजीच रचली. झालं! उपसा कमी दिसल्यानं कागदावर पाणी भरपूर उरलं, आणि आपणच लपवलेलं विसरून सगळ्यांनी ऊस लावला. शिमग्यालाच टँकर आला. वर लोक समृद्धीवरच चिडले. ती पोरगी एवढंच म्हणाली, "तुमी सांगितलं तेच मांडलं की मी!"

यंदा जूनभर आभाळ कोरडं, आणि सप्टेंबरात पाऊस असा कोसळला की बांधासकट माती गेली. पुढं काय वाढून ठेवलंय, आई भवानीलाच ठाऊक. म्हणून या खेपेला ग्रामसभेत सगळे खरं बोलले. कडूबाईनं स्वतः गंजी हलवली. चांगल्या सालाला कोणतं पीक, बेताच्या सालाला कोणतं, कोरड्या सालाला कोणतं, ते वेगवेगळं ठरलं. नवं बोअर कुणी पाडायचं नाही, हेही ठरलं. आणि साल कसंही असो, एक विहीर चैत्रापर्यंत उपसायची नाही. नंतरही तिचं पाणी फक्त पिण्याला, शेतीला नाही. कोणती विहीर, ते तू ओळखलंच असशील.

अण्णांनी ती आपल्या दोघांच्या नावावर ठेवलीय. माझा अर्धा वाटा मी सभेत उभी राहून दिला. तुझा मागायला कुणाची जीभ रेटेना. घरी आल्यावर दाजी म्हणाले, "त्यो यायचा म्हनतोय, आन् तूच त्याचं पानी तोडतीस व्हय?" खरंच आहे. ते पाणी नाही तर डाळिंब नाही, आणि डाळिंब नाही तर तू कशाला येशील? दर भाऊबीजेला मी दारात उभी राहून रस्ता बघितला, आणि आता तू येतो म्हणतोस तर मीच आडवी येतेय. लिहिताना रडू आवरत नाही. तरी मागते, रणधीर. तुझा वाटा गावाला दे. नाही म्हणालास, तर बागेचं पहिलं रोप मी लावीन आणि कुणालाही तुला एक शब्द बोलू देणार नाही. आणि हो म्हणालास, तर बागेशिवायही ये. गावासाठी मागून झालं, हे मात्र माझ्यासाठी मागते.

तुझीच,
अक्का