आवाज हा काटा

रविवार, २ नोव्हेंबर

निहारला लागलं! पहिलं ध्यान! आणि मी अजून उंबरठ्यावरच.

मुलुंडच्या सोसायटी हॉलमध्ये आज आमचं साधना मंडळ बसलं होतं. देवव्रत सर नेहमीसारखे दबक्या पावलांनी मागून आले आणि निहारच्या कानाशी स्टीलचं ताट लाटण्याने वाजवलं. निहार हलला नाही. पापणीसुद्धा नाही! सरांनी पुन्हा वाजवलं. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "हा आत आहे."

माझ्या वेळी मी दचकले. "आई गं" असंही म्हणाले. मोठ्याने.

सरांचं म्हणणं पटतं मला. पहिल्या ध्यानाला आवाज हा काटा असतो, असं बुद्धाने सांगून ठेवलंय. म्हणजे काटा टोचला तर ध्यान नाही, आणि टोचला नाही तर आहे. सर पूर्वी एका मोठ्या कंपनीत मालाची तपासणी करायचे, त्यामुळे त्यांना कशाचीही तपासणी करता येते. आमच्या घरात देव भरपूर, पण पुरावा कशालाच नाही. इथे आहे!

मंडळाचे व्हॉट्सॲपवर दोन ग्रुप. 'उंबरठा' आणि 'आत'. संध्याकाळी 'उंबरठा'वर दिसलं — निहारने ग्रुप सोडला. इतकं एकटं वाटलं.

सोमवार, ३ नोव्हेंबर

आईने भाकरी थापता थापता विचारलं, "काय गो, क्लासात पास झालंस?"

तिच्या लेखी मी घराबाहेर जे काही करते तो क्लास. घरात पदवी आणणारी मी पहिली, तेव्हापासून हे असंच. मी म्हटलं, आई, हा क्लास नाही, समाधीचा मार्ग आहे.

"मगे परीक्षा कित्याक घेतत?"

परीक्षा का घेतात, हे सरांना विचारायला हवं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

अंधेरीला ऑफिसात जेवताना प्रबुद्धशी वाद. तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, राहतो मानखुर्दला, घर आजोबांपासून बौद्ध. मला वाटलं, त्याला तरी माझं कौतुक वाटेल.

"आम्ही विहारात वंदना म्हणतो, जरा शांत बसतो, चहा पितो, घरी जातो. कानाशी ताट? यार, आमच्याकडे कोणी असं केलं ना, तर माझी आजी तेच ताट त्याच्या डोक्यात घालेल."

मी म्हटलं, ते असू दे, तुला पहिलं ध्यान लागलंय का?

"मला कधी कोणी विचारलंच नाही गं."

वाईट वाटलं. इतक्या पिढ्यांची परंपरा, आणि मार्गदर्शन नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

सरांनी जाहीर केलं! डिसेंबरात कर्जतला मौन शिबिर. फक्त 'आत'वाल्यांसाठी. शेवटची तपासणी तेवीस तारखेला.

मला जायचंच आहे. का, ते इथे तरी खरं लिहिते. आमच्या कांजूरमार्गच्या खोलीत टीव्ही, मिक्सर, बाबांचा खोकला, भिंतीपलीकडे दुसरा टीव्ही. पदवीचा सगळा अभ्यास मी कानात कापूस घालून केला. मला एकदा, फक्त एकदा, जिथे काहीच ऐकू येत नाही अशा जागी बसायचंय. आणि हेही खरं — मंडळातल्या मृणालिनीताई गोड हसून "तू त्या कचऱ्याच्या डम्पिंगच्या बाजूला राहतेस ना गं?" असं विचारतात, तेव्हा मला त्यांच्या आधी निर्वाणाला पोचावंसं वाटतं. ही भावना चांगली नाही. पण आहे.

त्या तर म्हणतात, त्यांना दुसरं ध्यानही होऊन गेलं. गेल्या वर्षी. लोणावळ्याला.

शेजारी अण्णा बसतात. मंडळात सगळ्यात ज्येष्ठ, बँकेतून निवृत्त, गुडघ्यांमुळे प्लास्टिकच्या खुर्चीवर. किती वर्षं उंबरठ्यावर आहेत कोण जाणे. म्हणाले, "अगं, ताट वाजलं की मला जेवायची आठवण येते." सरांनी ऐकलं. कपाळाला आठी.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

'उंबरठा'वर सरांच्या सूचना: झोप कमी करा, सकाळी रिकाम्या पोटी बसा, आवाजाची सवय करा.

तिसऱ्या सूचनेसाठी आईला बसवलं. म्हटलं, मी डोळे मिटले की माझ्या मागे उभी राहून ताट वाजव. कधीही, न सांगता. तिने इतक्या आनंदाने वाजवलं की शेजारच्या सुलक्षणाकाकू पीठ लागलेल्या हातांनी धावत आल्या. "काय झालं? कोरोना आला की काय परत?"

"नाय गो. हिचा ध्यान लागणा नाय, म्हणान वाजवतंय."

काकू म्हणाल्या, लग्नाचं बघा तिच्या.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज तपासणी कडक. निहारने ब्लूटूथ स्पीकर आणला होता. त्यावर कुत्र्यांची भांडणं, रुग्णवाहिका, लहान मूल रडण्याचा आवाज. सगळे दगडासारखे बसले! मध्येच मृणालिनीताईंचा स्वतःचा फोन खणखणला. तो वाजून वाजून बंद पडला, पण त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. नंतर कळलं, मुलगी घराबाहेर उभी होती, किल्लीसाठी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी ताट सहन केलं. कुत्रे सहन केले. मूल रडलं आणि डोळे उघडले. आपोआप.

सर रागावले नाहीत. समजावलं. "करुणा चांगलीच आहे, अक्षता. पण ती नंतर. आधी एकाग्रता." वाक्य लिहून घेतलं.

अण्णा डब्यातून पोळीचा तुकडा तोडून खात होते. डॉक्टरांनी उपाशी राहू नका म्हटलंय, शुगर आहे. मला पाहून डबा लपवला. "सरांना सांगू नकोस हं. पुढच्या रविवारी नक्की रिकाम्या पोटी येतो. मलाही कर्जत बघायचंय गं एकदा."

शनिवार, २२ नोव्हेंबर

उद्या! आठवडाभर सगळे झोपलेले असताना उठून बसतेय. प्रबुद्ध म्हणाला, "डोळे बघ आरशात, भूत दिसतेस." साधनेचं तेज प्रत्येकाला ओळखता येत नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

लागलं.

आधी हे लिहिते, मग बाकीचं. श्वास बारीक होत गेला. मग मानेत ऊब. मग डोळ्यांपुढे मऊ, पिवळसर उजेड, आणि इतकं सुख, की अंगाचं वजनच गेलं. मग उजेड गेला. हॉल गेला. मी गेले. त्यानंतर काही नव्हतंच. इतकं शांत मी आयुष्यात कधी नव्हते.

आणि मग कोणीतरी ओरडत होतं — "अहो, मेलात काय सगळे?"

डोळे उघडले. आमच्यानंतर हॉल हास्य क्लबला दिलेला असतो. त्या बायका दारात उभ्या होत्या. अण्णांची खुर्ची उलटी पडलेली. अण्णा जमिनीवर, माझ्या गुडघ्याशी, घामाने ओलेचिंब, ओठ पांढरे. आणि भोवती आमचं सगळं मंडळ — ताठ पाठ, मिटलेले डोळे! सरसुद्धा!

ट्रॅकसूट घातलेल्या एका मावशीने अण्णांच्या तोंडात साखर घातली. दुसरीने रिक्षा आणली. हास्य क्लबमध्ये त्या वेळी कोणीच हसत नव्हतं.

ते गेल्यावर सरांनी सगळ्यांना गोलात बसवलं. चेहरा उतरलेला होता. "कोणाला ऐकू आलं?"

कोणी बोललं नाही. ज्याने ऐकलं तो आत नाही. मी खरंच ऐकलं नव्हतं. इथे शपथ घेऊन लिहिते.

मग हळूहळू सरांचा चेहरा उजळला. "म्हणजे आज अख्खं मंडळ आत होतं."

"ऐतिहासिक!" मृणालिनीताई म्हणाल्या.

रात्रीच्या आत मला 'आत'वर घेतलं. कर्जतच्या यादीत माझं नाव आहे. आईला सांगावंसं वाटत नाहीये.

सोमवार, २४ नोव्हेंबर

निहारचा फोन. "सांग ना, तू किती ऐकलंस?"

"काहीच नाही."

"अगं, आता हॉलच्या बाहेर आहोत आपण! मला तर खुर्ची पडलेली पण ऐकू आली. वाटलं, सरांनी अण्णांनाच पडायला सांगितलं असणार. म्हटलं, काय ॲक्टिंग करतात अण्णा! झकास!"

मृणालिनीताईंनीही ऐकलं होतं. बहुतेक सगळ्यांनीच. अण्णा पाणी मागत होते. मग मला हाक मारली. अक्षता. अक्षता. जवळ मीच होते ना.

म्हणजे सगळ्या मंडळात खरं ध्यान फक्त मला लागलं होतं.

आनंद झाला. झाला, खोटं कशाला लिहू. मग डबा उघडला आणि तसाच बंद केला. माझ्या गुडघ्याशी एक माणूस माझं नाव घेत होता, आणि मी सुखात होते!

बुधवार, २६ नोव्हेंबर

इस्पितळात गेलो. सर, मृणालिनीताई, मी. फळांची परडी, आणि वर सरांचं 'मौनाचे फायदे' हे पत्रक.

अण्णा आत झोपले होते. पडताना मांडीचं हाड मोडलंय, परवा ऑपरेशन झालं. त्यांची मुलगी रेवती बाहेर बाकावर. परडी घेतली नाही. "माझे बाबा हाका मारत होते आणि तुम्ही सगळे शेजारी बसून होतात. एकालाही ऐकू आलं नाही?"

"ताई, त्या अवस्थेत—" सर.

"अवस्था गेली खड्ड्यात! मी कोणावर केस करणार नाहीये. पण एक माणूस असं म्हणत नाही, की हो, ऐकलं, चुकलं आमचं! एक माणूस!"

मृणालिनीताई स्वतःच्या चपलांकडे बघत होत्या. सर छताकडे. पंखा फिरत होता.

"मी ऐकलं," मी म्हटलं. "चुकलं माझं. मी उठायला हवं होतं."

मला वाटलं मारेल. रेवती रडायला लागली. माझा हात धरून विचारलं, "पाणी मागत होते का?"

"हो."

"तरीच. सारखं पाणी पाणी करतात." आणि मग बाकावर मला बसायला जागा दिली.

लिफ्टमध्ये सर अगदी मायेने म्हणाले, "मग तू उंबरठ्यावरच, अक्षता. नियम सगळ्यांना सारखा."

कांजूरमार्गला उतरेपर्यंत 'आत'मधून काढलंही होतं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

चौथं शील मोडलं. खोटं बोलले. ज्यांनी ऐकलं ते सगळे कर्जतला निघालेत, आणि जिने ऐकलं नाही ती घरी. प्रबुद्धला सांगितलं, तर आधी हसला. मग स्वतःहून चहा आणून दिला.

कोणाला सांगणार नाही, पण मला माहीत आहे. मला लागलं होतं. ते हातात आलं आणि मी ते सोडून दिलं. हे काय कमी आहे? — अहंकार! माहीत आहे. लिहून खोडणार होते. राहू दे.

रविवार, ३० नोव्हेंबर

मंडळ बसलं असेल त्या वेळी मी अण्णांकडे होते. उशीला टेकून बसले होते. रेवती खाली औषधं आणायला गेलेली.

"ऐकलंस, असं सांगितलंस म्हणे तिला."

"हो, अण्णा."

"अगं, तू घोरत होतीस!"

अण्णा म्हणाले, "गुडघा धरून गदागदा हलवलं तुला. तोंड उघडं, मान खाली, आणि काय तो आवाज! तिकडे निहारने एक डोळा उघडून मला बघितलं आणि परत मिटला. सगळे जागे आणि कोणी हलेना. पडल्या पडल्या वाटलं, निदान ही एक पोरगी तरी खरंच झोपलीये." हसताना त्यांचा पाय दुखला, तरी हसत राहिले. मग मीही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

दारात रेवतीची पावलं वाजली. तिला सगळं सांगायला मी उठले, तर अण्णांनी मनगट घट्ट धरलं.

"नको. कोणीतरी ऐकलं होतं, एवढ्यावर ती रात्री झोपते आहे."