रविवारी दोघं

श्री

कुरखेडा, जि. चांदा
ता. २२ नोव्हेंबर १९५४

ती. सौ. इंदुताईस,
धुरपताचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळं जग हिंडतो आणि नागभीडचाच रस्ता तेवढा विसरतो, असं तू लिहिलंस. वाचून हे हसले आणि म्हणाले, बहिणीचा राग खरा आहे, पण वडशापर्यंत सायकल आणि पुढं रेल्वे एवढं एका रविवारात बसत नाही. दिवाळीच्या सुट्टीत आलो असतो, तर सासूबाईंच्या धान कापणीत अडकलो. तेव्हा रागावू नकोस.

बाकी आमचे रविवार तुला ठाऊकच आहेत. शनिवारी यांची शाळा सुटली की आमचे गुरुजी सायकल पुसायला बसतात. मग मी समजते आणि मागच्या कॅरिअरला गोधडीची घडी बांधून ठेवते. काल सोनीमामीकडं मंडईच्या जत्रेला गेलो होतो. दंडारीच्या खेळात बाईचं काम करणाऱ्या माणसाचा पदर खिळ्याला अडकला आणि तो पदर सोडवता सोडवता गाणं म्हणतच राहिला. मामी इतकी हसली की तिला ठसका लागला. तिनं तांदळाच्या भाकरी आणि मासोळी केली होती. आपली आई गेल्यापासून असं पुढ्यात बसून वाढणारं मला कुणी भेटलं नव्हतं.

त्याच्या आधीच्या रविवारी पोचूभाऊंकडं गेलो. ते यांचे शाळेतले सोबती, आता कोरचीच्या बाजूला जंगलखात्यात नाकेदार आहेत. त्यांच्या बायकोला, बुधरीला, मराठी थोडी येते आणि मला गोंडी मुळीच येत नाही. तरी आम्ही दोघी दुपारभर बोलत होतो. काय बोललो ते विचारू नकोस.

सासूबाईंचं मात्र तसंच आहे. सून सायकलवर मागं बसून येते आणि सारं गाव पाहून राह्यलं, काऊन असं करता, असं म्हणतात. आणि निघताना नव्या पोह्यांचं गाठोडं कॅरिअरला स्वतःच बांधतात.

भाऊजींना नमस्कार, पोरांना पापा. माया आहे तितकीच ठेव, थोडी जास्त झाली तरी चालेल.

तुझी
धुरपता


श्री

नागभीड
ता. ११ जानेवारी १९५५

चि. सौ. धुरपतास,
इंदूचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी तुझी थट्टा करून घेते. गुरुजीची बायको झाल्यापासून पत्रात मला-तुला लिहितेस, आणि मलाही तसंच लिहायला लावतेस. इथं आलीस की दोन दिवसांत मले-तुलेवर येशील, मी पाहतेच.

आता तू परवा आलेल्या पत्राच्या अगदी तळाशी, पत्त्याला चिकटवून, जी ओळ लिहिलीस तिच्याबद्दल. वेडे, असली गोष्ट वर लिहायची असते! मी चुलीपुढं बसून वाचत होते. ओरडले तर तुझे भाऊजी स्टेशनावर जायला निघाले होते ते चप्पल घालायचं सोडून आत धावत आले, त्यांना वाटलं भाजलं. समजल्यावर त्यांनी पुन्हा मला वाचून दाखवायला लावलं.

चैत्रात दिवस भरतील असं दिसतं. बाळंतपण इथंच. आई नाही म्हणून तुला माहेर नाही असं कुणी म्हणायचं नाही. फाल्गुनातच ये. आणि सायकल आजपासून बंद. जवाईबापूंना म्हणावं, हिंडायची एवढीच हौस असेल तर रेंगी जुंपा, तणीस घाला, त्यावर गादी टाका आणि बैल हळू हाका.

आमच्या घरात नुसते पोरगेच. मला मुलगी पाहिजे. तुझी झाली तरी ती अर्धी माझी, हे आताच लिहून ठेवते.

जपून राहा, आणि आमच्यावरचा जीव असाच राहू दे.

तुझी
इंदुताई


श्री

कुरखेडा
ता. ७ फेब्रुवारी १९५५

ती. सौ. इंदुताईस,
धुरपताचा शि. सा. न. वि. वि.

तुझा हुकूम पाळला. सायकल भिंतीला टेकून आहे. पण हिंडणं काही सुटलं नाही. सोबतच्या मास्तरांची रेंगी मागून आणतात आणि आम्ही दर रविवारी एकेका घरी गोड बातमी देत फिरतो. मी यांना म्हटलं, अहो, लोक लग्नाचं निमंत्रण देतात तसं तुम्ही करून राह्यले. (पाहा, आली ना भाषा!)

सोनीमामीनं जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी शिवायला घेतली आहेत. बुधरीनं माझ्या पोटावर हात ठेवला आणि गोंडीत काहीतरी म्हणाली. पोचूभाऊंनी सांगितलं, ती म्हणते पोरगी आहे. हे ऐकून आमचे गुरुजी असे लाजले की बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. बैलांना नुकतंच पाणी पाजलं होतं.

सासूबाईंचं तर नवलच. गावाचं नाव एकदाही काढलं नाही. निघताना रेंगीत स्वतःची उशी आणून ठेवली आणि गाडीवानासारख्या यांच्यावर ओरडल्या की दगड पाहून हाक.

हे सगळ्यांना एकच सांगतात, पुढच्या मंडईला आम्ही तिघं येऊ. मी म्हणते असं बोलू नये, पण त्यांना राहवत नाही, आणि खरं सांगू, मलाही ऐकायला बरं वाटतं.

होळी झाली की हे मला पोचवायला येतील. तुझ्या हातचं खाऊन मी बैलासारखी होईन, भाऊजींना सांगून ठेव. भेटीपर्यंत आठवण काढत जा.

तुझी
धुरपता


श्री

नागभीड
ता. १२ जून १९५५

चि. सौ. धुरपतास,
इंदूचे अनेक आशीर्वाद.

तू इथून गेल्यापासून हे माझं तिसरं पत्र. पहिल्या दोन पत्रांना उत्तर नाही. जवाईबापूंचं कार्ड आलं, त्यात तब्येत ठीक एवढंच होतं. मला ठीक नको, तू पाहिजेस.

पोरगी आपल्याकडं आली, दोन्ही मुठी मिटून झोपायची, आणि बारशाच्या आधीच तापानं गेली. डॉक्टर आले, औषधं झाली, आपण केलं नाही असं काही राहिलं नाही. हे मी तुला सांगते आहे की स्वतःला, मलाच कळत नाही. तुझे भाऊजी आणि जवाईबापू तिला तळ्याच्या काठाला घेऊन गेले. तेव्हापासून तुझे भाऊजी स्टेशनावरून येताना तळ्याकडून येत नाहीत. लांबचा रस्ता धरतात. मी विचारत नाही.

तू रडली नाहीस, धुरपे. गाडीत बसलीस तेव्हाही खिडकीतून माझ्या पोरांना नीट अभ्यास करा म्हणालीस. त्याचीच मला भीती वाटते. दूध आटलं का? चोळी ओली होते का अजून? हे तुला दुसरं कुणी विचारणार नाही म्हणून मी विचारते.

कोरा कागद पाकिटात घालून पाठवलास तरी चालेल. तुझ्या हातानं पाठव. मी वाट पाहते.

तुझी
इंदुताई


श्री

कुरखेडा
ता. ३० ऑगस्ट १९५५

ती. सौ. इंदुताईंस,
लटारूचा सा. न. वि. वि.

आपली सगळी पत्रं पोचली. धुरपता ती वाचते आणि धान्याच्या कोठीवर ठेवते. उत्तर लिहायला मी कागद दिला तर म्हणते उद्या.

हे पत्र तिला न सांगता लिहीत आहे. हिवाळ्यात मी ज्या ज्या घरी बढाया मारून आलो होतो, त्या प्रत्येक घरी तिला पुन्हा जावं लागणार आणि प्रत्येक जण दारातच बाळ कुठं म्हणून विचारणार. त्या विचारानं मला झोप लागेना. म्हणून रविवारी सकाळी मी एकटा निघतो. सोनीमामींना सांगून आलो. पोचूकडं जाताना नाल्याला पूर होता, सायकल खांद्यावर घेऊन गेलो. सर्वांना एकच विनंती केली, धुरपता आली तर काही विचारू नका, नेहमीसारखं बोला. मामींनी शिवलेली दुपटी माझ्यासमोर पेटीच्या तळाशी घातली.

माझी आई म्हणाली, सायकलनं झालं हे. मी म्हटलं, मग माझ्या तोंडात मार, सायकल माझी आहे. त्यावर ती रडायला लागली. तिलाही दुसरं कुणी सापडत नव्हतं दोष द्यायला.

पण ताई, माझ्याकडून उलटंच घडलं. मी कुठं जातो ते धुरपताला सांगितलं नाही. परवाच्या रविवारी मी सायकल काढली तेव्हा ती दारात येऊन म्हणाली, तुमच्यानं माझं तोंड पाहवत नसेल तर मला नागभीडला पोचवून द्या. तिचा समज झाला की मी तिच्यापासून पळतो.  आणि मी तसाच निघून गेलो.

काय करावं, आपण सांगा. भाऊंना नमस्कार. आमच्यावरची कृपादृष्टी कमी होऊ देऊ नये.

आपला
लटारू


श्री

नागभीड
ता. ६ सप्टेंबर १९५५

श्री. लटारूजींस,
इंदूचे आशीर्वाद.

मला लिहिलंत ते सगळं तिला तोंडानं सांगा. नीट नाही जमलं तरी सांगा. आणि पाऊस उघडला की तिला सायकलवर घेऊन निघा. लोक काय म्हणतील ते म्हणू द्या. तुम्ही तिच्यापुढं चालून वाटेतले काटे वेचता हे मला समजलं, पण माणसाला मागं वळून पाहिलं तर सोबत कुणी दिसावं लागतं, जवाईबापू. तुम्ही स्वतः कुणाजवळ रडलात का? माझ्याकडं या.

इंदुताई


श्री

कुरखेडा
ता. २१ नोव्हेंबर १९५५

ती. सौ. इंदुताईस,
धुरपताचा शि. सा. न. वि. वि.

इतके महिने लिहिलं नाही. माफी मागत नाही, तू रागावली नाहीस हे मला माहीत आहे.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी यांनी मला सगळं सांगितलं. सांगताना कंदिलाची काच पुसत होते, पुसून झाली तरी पुसतच होते.  पुढच्या रविवारपासून मी कॅरिअरला घडी बांधायला लागले.

मग आम्ही सगळीकडं गेलो. कुणीही विचारलं नाही. मामीनं वाढलं, पावसाचं बोलली. सासूबाई कापलेल्या धानाच्या कडपा उचलत होत्या, मला हाताशी घेतलं आणि गप्प राहिल्या. बुधरीनं तर माझ्याकडं पाहिलंच नाही, पाहिलं असतं तर तिला आवरलं नसतं. सगळे किती चांगले, ताई. आणि प्रत्येक घरातून निघताना मला वाटायचं, ती झालीच नव्हती. मीच कुठं स्वप्नात पाहिली.

काल पोचूभाऊंकडून परत येताना सायकलची साखळी तुटली. रस्त्याच्या कडेला चार घरांच्या एका टोल्यात थांबलो. एक म्हातारी अंगणात मोहाच्या वाळलेल्या बिया, टोऱ्या, फोडत बसली होती. सोमारी तिचं नाव. तिनं पाणी दिलं आणि सगळ्या बायका विचारतात तसं सहज विचारलं, लेकरं किती वो बाई?

हे साखळीपाशी बसले होते. मी तोंड उघडायच्या आत तिकडूनच म्हणाले, नाई बाई, अजून नाई.

मला राग आला. लग्न झाल्यापासून यांचा असा राग मला कधी आला नव्हता. मी म्हटलं, एक. पोरगी होती. नाई राह्यली.

म्हाताऱ्या बाईनं चुकचुक केलं नाही. वय लहान आहे, दुसरं होईल, असंही म्हणाली नाही. तिनं हातातला दगड खाली ठेवला, चटईवर सरकून माझ्यासाठी जागा केली आणि विचारलं, नाव काय होतं तिचं?

ताई, हे मला कुणीच विचारलं नव्हतं. बारसं झालं नाही म्हणून तुम्ही सगळे तिला पोरगीच म्हणत होतात. तूही. पण तुझ्या घरी दुपारी सगळे निजले की मी तिला पाजताना नावानं हाक मारायची. सगुणा म्हणायची. आपल्या आईचं नाव. बारशाच्या दिवशी सांगून तुला रडवायचं ठरवलं होतं मी.

मी नाव सांगितलं आणि मला रडू फुटलं. खूप फुटलं. सोमारीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही, नुसती जवळ बसून राहिली आणि स्वतःची गेलेली लेकरं नावानं सांगू लागली, सावकाश, एक झाल्यावर थोडं थांबून दुसरं.

हे आमच्याकडं पाठ करून बसले होते. साखळी जोडून झाली होती तरी उठले नाहीत. परतताना सायकलवर बसलो नाही, दोघं पायीच चालत आलो. बरंच चालल्यावर म्हणाले, पुन्हा एकदा सांग. मी सांगितलं. मग त्यांनी म्हणून पाहिलं, बाप हाक मारतो तसं, थोडं मोठ्यानं. आणि सायकल तशीच हातात धरून रस्त्याच्या मधोमध उभे राहून रडले.

पुढच्या महिन्यात आम्ही नागभीडला येतो. भाऊजींना सांग, मला तळ्याच्या काठाला जायचं आहे. ते नाही म्हणाले तर हे नेतील.

तोवर एक कर. उत्तर लिहिशील त्यात तिचं नाव लिही. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या अक्षरात ते मला पाहायचं आहे.

तुझी
धुरपता