रियाल ५३.१०, दूध नाही

मी, मार्तंड दत्ताराम तिरोडकर, वय ७६, राहणार मुलुंड पूर्व, मस्कतहून निवृत्त झालेला एसी मेकॅनिक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझं मृत्युपत्र लिहून ठेवतो. पत्नी कुंदा शेजारी बसून शेंगा सोलते आहे, ते दडपण धरू नये. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. गंधाली ओक यांनी दिला आहे. त्यांनी तारीख विचारली, मी तारखेसोबत ओमानी रियालचा भावही सांगितला. यापूर्वीची मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. सदनिका क्र. ३०४, आणि पुनर्विकासानंतर तिच्या जागी मिळेल ती, संपूर्णपणे कुंदाची. मुलगा सुबोध आणि मुलगी जान्हवी यांनी त्यात वाटा मागू नये. कारण कलम ४ मध्ये आहे. ते लिहायला जड जातंय, म्हणून आधी किरकोळ गोष्टी उरकतो.

२. बँकेतल्या ठेवींचं व्याज कुंदा आहे तोवर कुंदाला. पुढे मुद्दल दोन्ही मुलांना निम्मं-निम्मं. घाटकोपरची जान्हवी दर रविवारी येते आणि न्यू जर्सीचा सुबोध दर रविवारी नुसता फोन करतो, तरीही निम्मं-निम्मं. जान्हवी भांडेल, भांडू दे.

३. माझे पाने, गेज आणि इतर हत्यारं सोसायटीचे एसी बघणाऱ्या निलेशला. २०१९ साली नेलेला मल्टिमीटर त्याने आधी परत आणावा, म्हणजे संच पुरा होईल. आरामखुर्ची शेजारच्या देवदत्त खोपकरला द्यायची होती. मी वाळूत बसून पैसे गोळा करून आलो असं तो तीस वर्षं म्हणतोय, तर जरा टेकून बघू दे, म्हटलं. पण साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये असं वकील म्हणतात, आणि देवदत्तला सहीची हौस. खुर्ची जान्हवीला.

४. मी १९७९ ते १९९६ मस्कतला होतो. गेलो तेव्हा एका रियालचे तेवीस-चोवीस रुपये मिळत, परतलो तेव्हा नव्वदच्या वर, आज सव्वादोनशेच्या आसपास. कुंदा भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडायची. माझ्या सांगण्यावरून त्याच चौकटीत रियालचा भावही लिहायची, स्टेशनजवळच्या ट्रॅव्हल एजंटच्या पाटीवरून बघून.

१९९१च्या एप्रिलात तिचं पत्र आलं, की या घराचा चोवीस हजारांचा हप्ता मेअखेर भरायचा आहे. माझ्याकडे अठराशे रियाल साठले होते. एक्स्चेंजमधला कारकून म्हणाला, रुपया घसरणार, थांबा. मी कुंदाला लिहिलं, ‘भाव चढतोय, थोडी थांब, बिल्डरला थोपव.’ जुलैच्या पहिल्या आठवड्यात सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं आणि रियाल सदुसष्टवर गेला. मेपेक्षा चौदा रुपये जास्त. अठराशे रियालवर पंचवीस हजार दोनशे जास्तीचे मिळाले. हा किस्सा मी चौतीस वर्षं प्रत्येक लग्नात आणि बारशात सांगितला. कुंदा वाढता वाढता ऐकायची आणि ‘हो ना, नशीब एकेकाचं’ म्हणायची.

यंदा मार्चमध्ये पुनर्विकासासाठी माळा रिकामा करताना जुनी कॅलेंडरं निघाली. मी हौसेने भाव वाचत सुटलो. २८ मे १९९१च्या चौकटीत होतं: ‘दूध नाही. रियाल ५३.१०. बांगड्या दिल्या.’

तिला विचारलं. म्हणाली, “बिल्डर कुठला थांबतोय. माहेरच्या होत्या, मोडल्या.”

“मला कळवायचं नाही?”

“कळवलं असतं तर पाठवले असते तुम्ही. मग जुलैत भाव चढल्यावर जन्मभर मला बोल लावला असतात.”

लावला असता. सात तोळ्यांच्या चार बांगड्या होत्या. त्या वर्षी सुट्टीवर आलो तेव्हा तिच्या हातात काचेच्या होत्या. ‘सोनं घालून फिरायची सोय नाही राहिली,’ म्हणाली आणि मी मान डोलावली. हप्त्यापुरते साडेचारशे रियाल पाठवले असते तरी भागलं असतं, बाकीचे थांबवता आले असते. तेवढेही पाठवले नाहीत. मला लाज वाटली, अजून वाटते. या घराचा तो हप्ता कुंदाने भरला आहे, म्हणून घर तिचं.

५. माझ्या पश्चात, इतर कशालाही हात लावण्यापूर्वी, माझ्या ठेवीतून कुंदासाठी सात तोळ्यांच्या चार बांगड्या कराव्यात. त्या दिवशीचा सोन्याचा भाव बघत बसू नये.

६. रियालच्या भावाच्या माझ्या अकरा वह्या सुबोधला. बाळा, परवा आईने डोळ्याच्या ऑपरेशनचं काढलं तेव्हा तू म्हणालास, “डॉलर नव्वद होऊ दे, मग एकदमच पाठवतो.” मला माझंच पत्र ऐकू आलं. आईने मागितले की त्याच दिवशी, त्या दिवसाच्या भावाने पाठव. तू मनाने चांगला आहेस, मीही होतो.

पुरवणी. वरचा मजकूर रविवारी कुंदाला वाचून दाखवला. ती म्हणाली, “पाचवं परत वाचा.” वाचलं.

“म्हणजे तुम्ही गेल्यावर?”

“हो.”

“मग बघणार कोण, देवदत्त भाऊजी?” तिने शेंगांची परात बाजूला ठेवली. “अहो, अजूनही मला थांबच म्हणताय.”

सबब कलम ५ रद्द करत आहे. काल एक ठेव मोडली, घाटकोपरला गेलो, जान्हवीला सोबत घेतलं. सराफ भाव सांगायला लागला तेव्हा मी त्याला हाताने थांबवलं. बांगड्या कुंदाच्या हातात आहेत, तिने आज त्या घालूनच भांडी घासली. मी ओरडलो, तिने ऐकलं नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

मार्तंड दत्ताराम तिरोडकर

साक्षीदार:
१. देवदत्त खोपकर, सदनिका क्र. ३०३ (खुर्चीबद्दल तक्रार नोंदवून)
२. डॉ. गंधाली ओक, मुलुंड पूर्व

स्थळ: मुलुंड पूर्व, मुंबई
दिनांक: २१ ऑगस्ट २०२५
रियालचा भाव: पाहिला नाही