न केलेल्या यात्रेचं मावंदं

काझा, स्पिती

चि. वरद,
आशीर्वाद आहेतच, पण आज रागाच्या खालोखाल.

बुधवार, १० जून, सकाळी सव्वानऊला शेजारच्या पद्माताईंचा फोन आला. "निवेदिता, केदारनाथला फार थंडी आहे का गं? गंगाजल आण हं. तुझ्या मावंद्याला आमची अख्खी विंग येतेय!"

म्हणजे मी यात्रा कंपनीच्या बसने देवदर्शनाला गेलेय, असं तू मोशीभर सांगितलंस. आई एकटी मोटारसायकलवर डोंगर हिंडते, हे सांगायला लाज वाटली? मी चाकणला रोज दुचाकीवरून नोकरीला जायचे, तेव्हा नाही वाटली ती.

मी ठीक आहे. स्वस्तातल्या खोलीत राहते, दोन्ही वेळा राजमा-भात. ओढ्यात गाडी जरा कलंडली, गुडघ्याचं विशेष काही नाही. तुझा आधीचा खोकला गेला का?

खोट्या यात्रेच्या पंगतीत मी मिरवणार नाही. सोसायटीच्या ग्रुपवर खरं लिही. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लेखी उत्तर माझ्या पुढच्या मुक्कामी, मनालीच्या पोस्टात ३० जूनच्या आत हवं. नाही आलं, तर पाटावर हेल्मेट घालून बसेन आणि वाढायच्या आधी सगळं सांगेन.

तुझी आई